टार्टूच्या कललेल्या घरात

प्रिय मुकुंद,

टार्टूहून परवाच परत आले. बॅग अजून हॉलमध्ये उघडी पडलीय, त्यातले लोकरीचे मोजे शारजाच्या उन्हात अगदी वेडगळ दिसताहेत. ती आवरायची सोडून तुला लिहायला बसले, कारण तिथे मी तुला दिलेला शब्द मोडला. ईशाला सगळं सांगितलं. हो, सगळं! चिडलास? चीड. पण आधी ऐकून तर घे.

मुळात ती तिथे पोचली कशी, हेच तुला माहीत नाही. तू गेलास तेव्हा आपली लेक शाळेच्या युनिफॉर्ममध्ये होती. आता मास्टर्स करतेय. युरोपात एवढी शहरं असताना एस्टोनियातलं ते गारठलेलं टार्टूच का, म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "बाबांनी डब्यांचं करून दाखवलं होतं ना, आई. आय वॉन्टेड टु चेक."

आठवतात ते डबे? मंदीच्या आधीच्या हिवाळ्यात तुझ्या ऑफिसने तुला टार्टूला पाठवलं होतं. कुणा डेव्हलपरला शारजाबाहेर दैदच्या वाटेवर, वाळवंटात, जुनं युरोपियन विद्यापीठाचं गाव उभं करायचं होतं. दगडी रस्ते, कॅफे, पूल, सगळं हुबेहूब. पर्यटकांसाठी खोटं टार्टू! मला हसू आवरेना. पण तेव्हा दुबईत कुणी काहीही बांधत होतं, आणि तुझ्यासारख्या स्ट्रक्चरल इंजिनियरला श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

परत आलास तो वेडा होऊनच. जेवणाच्या टेबलावर माझे डबे मांडून शहर उभं केलंस. साखरेचा डबा म्हणजे गुलाबी टाउनहॉल, त्याच्यापुढे लांबट चौक, चौकात कारंजं आणि एका छत्रीखाली चुंबन घेणारे दोन विद्यार्थी. ते सांगताना माझ्याकडे बघून डोळा मारलास! उभे केलेले चमचे म्हणजे विद्यापीठाचे पांढरे खांब. त्याच इमारतीच्या माळ्यावर दांडगट विद्यार्थ्यांना कोंडायची खोली होती, असं तू म्हणालास. ईशा घाबरून म्हणाली, "डिड दे गेट डिनर?"

निळा पंचा पसरून नदी केलीस. एमायोगी. "एमा म्हणजे आई," तू म्हणालास. "आपल्यासारखंच, नदीला आईच म्हणतात." आणि मग इतिहास. स्वीडनच्या राजाने विद्यापीठ काढलं, रशियन फौजा आल्या तसं ते बंद पडलं, जवळजवळ शतकभर उघडलं नाही. एकदा शहर असं जळलं की पुन्हा बांधताना मधल्या भागात लाकडाला मनाईच झाली. रशियाच्या राणीने दिलेला दगडी पूल महायुद्धात उडवला गेला. "आणि तरी बघ वृंदा, पोरं सायकली घेऊन लेक्चरला चाललेली असतात!"

पुस्तकाला टेकवलेला बिस्किटांचा पुडा हे तुझं लाडकं घर. नदीजवळचं, खरोखर कललेलं. एक बाजू जुन्या तटाच्या दगडावर, दुसरी लाकडी खुंटांवर. जमिनीतलं पाणी खाली गेलं, खुंट कुजले, घर झुकलं. मग कुणीतरी येऊन आधार दिला. "आत चित्रं लावलीत," तू म्हणालास, "लोक आरामात फिरतात. मी मात्र दारातूनच परतलो."

ते घर तुला इथे वाळूत बांधायचं होतं, मुद्दाम कललेलं. ड्रॉइंगवर सही तुझी.

आणि मग मंदी आली. काय दिवस होते रे ते! रोज ऑफिसातली एखादी खुर्ची रिकामी. कुणी शाळा अर्ध्यावर सोडवून मुलांना पुण्याला पाठवलं, कुणी निरोपही न घेता गेलं. फोन वाजला की तू आधी माझ्याकडे बघायचास आणि मग उचलायचास. तुझा बॉस एका गुरुवारी "यल्ला, सी यू संडे" म्हणाला आणि रविवारी त्याचा नंबर बंद होता. कंपनी गेली, डेव्हलपर गेला. वाळवंटात उरलं ते अर्धं टार्टू. पुलाची अर्धी कमान, छताशिवायचे खांब, आणि तुझं कललेलं घर.

मी म्हटलं, चला, आपणही जाऊ या परत. तू म्हणालास, "वृंदा, ते घर शेजारच्या बिल्डिंगला बांधायचं होतं. शेजारची बिल्डिंग झालीच नाही. ते नुसत्या टेकूंवर उभं आहे."

"मग?"

"मग टेकू लोखंडाचे आहेत. साइटवर एक वॉचमन सोडून कुणी नाही. लोक लोखंड काढून नेतात."

त्या दिवसापासून मी नीट झोपले नाही. खरं सांगते, मला त्या भिंतीची भीती नव्हती, तुझ्या सहीची होती. कुणी मेलं तर पकडणार कुणाला? बॉस पळालेला, तू इथेच. दाराची बेल वाजली की मी आधी दाराच्या भोकातून बघायचे, पोलीस तर नाहीत ना. लिफ्टमध्ये एकदा साधा वर्दीतला वॉचमन दिसला तरी हातातली भाजीची पिशवी सुटली होती. मी तुला किती वेळा म्हटलं, "गप्प बस ना! तुला नाही माहीत, तू नाही पाहिलंस. संपलं." तू काहीच बोलायचा नाहीस. ते तुझं काही न बोलणं! त्याचा राग अजून आहे हं मला.

शुक्रवारी तू साइटवर जायचास आणि मी तुझ्याबरोबर, एकट्याला सोडायची भीती म्हणून. ईशा शेजारच्या आंटीकडे. तिला सांगायचो, बाबांचं काम आहे. साइटवर एकच माणूस होता, पेशावरचा रहमत खान, सोडून गेलेल्या कंपनीचा वॉचमन. कललेल्या घरातच खाट टाकून राहायचा, सावली चांगली म्हणून. तू त्याला विनवलंस, "खानसाब, इधर मत सोना." तो हसून म्हणाला, "इंजिनियर साब, आपने बनाया है ना? तो गिरेगा कैसे?" तुझा चेहरा पांढरा पडला होता. आपल्याला चहा देऊन तो आपला मजेत बसून राहिला.

मग तो पावसाचा शुक्रवार. इथला पाऊस कसा येतो, वर्षभर नाही आणि आला की रस्ते नदी होतात. दुपारी जेवताना रहमत खानचा फोन. "साब, दीवार आवाज़ करता है."

तू हात धुतलास तेही मला आठवतंय. सावकाश, दोनदा साबण लावून. मग म्हणालास, "तू थांब घरी." मी कसली थांबते!

दैदच्या रस्त्यावर पाणी, ट्रक आडवे तिडवे उभे, वायपर चालेनात. मी रामरक्षा म्हणायला लागले आणि मधल्या ओळीच आठवेनात. साइटवर पोचलो तर वाळूतून पाण्याचा लोट सरळ त्या घराच्या पायाकडे चाललेला. आणि आत माणसं! जवळच्या दगडखाणीतले मजूर पावसातून पळत येऊन तिथे आडोशाला उभे होते. रहमत खानने त्यांना चहा पण ठेवला होता.

तू बाहेरून ओरडलास, "बाहर आओ! सब लोग बाहर!" वाऱ्यात कुणाला काही ऐकू जाईना. एक जण उलट तुलाच हात करून आत बोलवत होता. मी तुझी बाही धरली. शर्टचं बटण तुटून माझ्या हातात आलं. तू म्हणालास, "वृंदा, सोड."

आणि आत गेलास.

मी काय पाहिलं ते मी कुणाला सांगू शकले नाही रे आजवर. ती भिंत माझ्यावर झुकलेली होती. ती तशीच बांधली होती हे मला ठाऊक होतं, तरी क्षणाक्षणाला ती आणखी खाली येतेय असं वाटत होतं. आतून एक लांब करकर ऐकू आली, जड कपाट फरशीवरून ओढावं तशी. मी गाडीला पाठ लावून उभी राहिले. डोळे मिटायचे नाहीत, एवढंच स्वतःला बजावत होते.

एकेक जण बाहेर आला. कुणी डोक्यावर पोतं घेतलेला, कुणी हातात चहाचा ग्लास घेऊन. रहमत खान खाट उचलून आणत होता, तू त्याच्या हातातून ती हिसकावून फेकलीस. सगळ्यांत शेवटी तू. चप्पल एकाच पायात.

आपण सगळे दूर जाऊन पावसात उभे राहिलो आणि बघत राहिलो. भिंत पडली नाही. पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी पडली नाही. मजूर हसायला लागले. रहमत खान म्हणाला, "बोला था ना साब!" तू वाळूत बसून ओकलास.

मला वाटलं, सुटलो. पण रविवारी ऑफिसं उघडताच तू इस्त्रीचा शर्ट घातलास, प्रेशरच्या गोळ्या खिशात टाकल्यास आणि म्हणालास, "मी म्युनिसिपालिटीत जातोय. सांगतो, सही माझी आहे." गोळ्या कशाला घेतल्यास ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. कारण उत्तर मला माहीत होतं, कोठडीत ठेवलं तर लागतील म्हणून. फक्त एवढंच म्हणालास, "ईशाला यातलं काही सांगायचं नाही. कधीच नाही. ती इतक्या वरच्या मजल्यावर झोपते, वृंदा. तिला प्रत्येक भिंतीची भीती बसेल." मी शब्द दिला.

त्या ऑफिसातल्या माणसाने तुला बसवलं, गावा, म्हणजे त्यांची ती कडू कॉफी, पाजला आणि तुझे कागद पाहून, इंजिनियर म्हणून हाक मारत, विचारलं, "मुहंदिस, तू स्वतःहून आलास?" त्यांची माणसं त्याच दिवशी साइटवर गेली. बरेचसे टेकू नाहीसे झाले होते. कुंपण घातलं, मग हळूहळू ते घर उतरवलं. चौकशी होईपर्यंत तुझा पासपोर्ट त्यांच्याकडे होता. ते महिने! अखेर त्याच माणसाने तो परत देताना म्हटलं, "खलास, हबीबी. घरी जा."

पण तू घरी आलास का रे खरंच? शारजाच्या औद्योगिक भागात शेडचे सांगाडे बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये नोकरी धरलीस, नेकीने केलीस. मात्र हॉटेलात गेलो की आधी छताकडे बघायचास. बाल्कनीखाली उभा राहायचा नाहीस. ईशाला मॉलच्या काचेच्या पुलावरून जाऊ द्यायचा नाहीस. मोठी झाली तशी ती चिडायला लागली. "बाबा इज स्केअर्ड ऑफ एव्हरीथिंग." तू हसायचास. मी आतल्या आत तुटायचे आणि गप्प बसायचे.

तुझं हृदय थांबलं तेव्हाही तिच्या मनात तू तसाच होतास. भित्रा, चांगला, भित्रा.

आता टार्टूचं सांगते. चौक तू सांगितलास तसाच आहे, फक्त तुझ्या डब्यांपेक्षा फार थंड. टेकडीवर पडक्या चर्चच्या विटांच्या कमानी आकाशात उघड्या उभ्या आहेत. मी त्यांच्याखालून जाईना, ईशाने हात धरून नेलं. जवळच देवदूताचा पूल आहे. तो पहिल्यांदा ओलांडताना श्वास रोखून इच्छा मागायची असते म्हणे. मी श्वास रोखला आणि मला इच्छाच सुचली नाही. भीती सोडून काही सुचेना.

मग नदीवर गेलो. दगडी पूल होता त्या जागी आता कमानीचा पूल आहे. विद्यार्थी पैजेने त्या कमानीवरून चालत जातात. आणि मुकुंद, तुझी लेक माझ्या हातात पर्स देऊन चढली की वर! खाली आईचं नाव घेतलेली ती काळी नदी, वर माझी पोर, हात पसरून. मी मराठीत ओरडत होते, येणारे जाणारे माझ्याकडे बघत होते. ती उतरली तेव्हा मी कठडा दोन्ही हातांनी धरून उभी होते. "आई, चिल! यू अँड बाबा, ऑलवेज सो स्केअर्ड."

मी नुसती हसले. तुझ्यासारखीच.

संध्याकाळी तिने मला कललेल्या घरात नेलं. अजूनही ते कलादालनच आहे. दारात मी थबकले. ती वळून हसत म्हणाली, "बाबा वुड नेव्हर हॅव कम इन हिअर."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तो गेला होता आत. दैदच्या त्या घरात, भिंत करकरत असताना गेला होता."

तिथल्याच बाकावर बसून सांगितलं सगळं. टेकू, सही, रहमत खान, पाऊस, प्रेशरच्या गोळ्या. सांगताना मला सारखं वाटत होतं की जमीन माझ्याखालून सरकतेय. ईशा या वेळी इंग्रजीचा एक शब्द न घालता मराठीत बोलत होती. "कुणी मेलं नाही?" "नाही." "आणि तरी ते स्वतःहून सांगायला गेले?" "हो." तिने समोरच्या चित्राकडे तोंड फिरवलं. मग विचारलं, "त्यांना भीती वाटत होती?"

मी म्हटलं, "ओकला होता बिचारा."

ती रडली रे. माझ्या कोटाच्या बाहीत तोंड खुपसून, लहानपणी रडायची तशी. दालनातली म्हातारी बाई पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि न बोलता ठेवून गेली. बंद व्हायची वेळ झाली तरी आम्हाला कुणी उठवलं नाही.

आता बोल, चुकले का मी? तिला भिंतींची भीती बसेल म्हणाला होतास. बसली तर बसू दे. आता ती भीती कुठून आली, ते तरी तिला कळेल.

सुट्टीत ती येणार आहे, तिला दैदची ती जागा बघायचीय. तिथे आता म्हणे गोदामं झालीत. तू गेल्यापासून मी हायवेवर गाडी घातलेली नाही, भाजी आणि बँक एवढंच. ट्रक मागून आला की हात घामाने ओले होतात. पण तिला मीच घेऊन जाईन, स्वतः गाडी चालवत. घाबरत जाईन, पण जाईन. हा शब्द मी नाही मोडणार.

तुझी,
वृंदा