होळीत रचलेले टायर

सुरत, होळीच्या आदल्या दिवशी

कामात ध्यान नाही. अकोटले दादाचं पंक्चरचं दुकान. नगरपालिकेनं जुने टायर कचरा डेपोत टाकायले फी लावली, तं दादा आज फोनवर हसून म्हणते, "सारे होळीत जाळून टाकतो. होळीले कोण पावती मागते?"

"अन् मायचा दमा?"

"तिले घरात बसवतो. तू तिकडून डोकं नको खाऊ."

मंग मायले फोन लावला. म्हटलं, उद्या मावशीकडे बार्शीटाकळीले जाय. बोलतानाच तिले दम लागत होता, तरी म्हणे, "सणाले घर सोडू? होळीले पुरणाचा निवद कोण दाखवन, तू येतं काय?"

म्हणजे तो काळा धूर, अन् पुढं माय ताट घेऊन उभी. दादाले हे कावून सुचलं नाही? परत त्याले फोन करून म्हटलं, टायर बाहेर काढ. तो हळूच म्हणे, "पोट्ट्यायनं रचले रे सारे. होळीत घातलेलं कोणी काढते काय?"

खरंच, आमच्या चौकात रचलेल्या होळीतली काडीही कोणी काढत नाही. माय तं काढूच देणार नाही. उद्या ती त्याच टायरले हात जोडन.