उशीवरचा लॅपटॉप

प्रिय ठकू,

तुझा निरोप वाचला. एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि मग ओट्यावरचं दूध उतू जाऊ दिलं. ‘ताई, मला झोप लागली की तू बंद करून उठून जातेस हे कळलंय मला. राग नाही. मीच फार मागितलं. आता रोज नको.’ आणि शेवटी तो पिवळा हसरा चेहरा. माझा हात तिथवर पोचला असता तर त्या चेहऱ्याला एक ठेवून दिली असती.

मी बंद करून जाते? मी? अगं, उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला मी. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरी. लोक भांडले, रडले, दोन्हीकडून नुसते गप्प बसून राहिले, पण बोलणं संपल्याशिवाय मी कुणाची लाईन ओढली नाही. एकदा एक बाई बोलता बोलता रिसीव्हर बाजूला ठेवून दार उघडायला गेली ती परत आलीच नाही. दुसऱ्या टोकाला तिचा माणूस थांबलेला. आमची पर्यवेक्षिका मागून म्हणाली, “काढ की गं तो प्लग, मुक्यांची लाईन कशाला अडवून ठेवतेस?” मी म्हटलं, “मॅडम, तो मुका नाही, वाट बघतोय.” ती बाई शेवटी आली, आणि दोघं भाजीपाल्याबद्दल बोलले. मला काय त्याचं! पण लाईन राहिली. आणि अशा बाईला तू, माझ्या पाठची बहीण, लिहितेस की मी पाय न वाजवता निघून जाते.

तर आता नीट ऐक. लॅपटॉप आपणहून बंद पडत होता. तुला तेव्हा दोन वेळा सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा तू “हो का” म्हणालीस. तुझं हे “हो का” मी लहानपणापासून ओळखते. त्यानंतर मी सांगणं सोडलं. खरं बोलायचं आणि वर पुरावेही द्यायचे, एवढी गरज मला कधी पडली नव्हती.

हे सगळं सुरू कसं झालं ते आठव. तुझे यजमान गेले आणि तुझ्या खोलीतलं घोरणं गेलं. इतकी वर्षं त्या घोरण्याच्या नावाने बोटं मोडलीस, कानात कापूस घातलास, एकदा तर उशी घेऊन बाथटबात झोपायला गेलीस, आणि आता म्हणे खोलीत कुणाचा श्वास ऐकू आला नाही तर डोळा लागत नाही. तू तिकडे परदेशात, तुझी रात्र ती माझी दुपार. मी म्हटलं, मला काय काम आहे, व्हिडिओ कॉल लावून बसते समोर. पहिले काही दिवस जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून विणत बसले. तर तुझी तक्रार! “टेबलावरून बघतेस ना, तेव्हा नोकरीची मुलाखत घेत असल्यासारखी दिसतेस. माणसासारखी आडवी हो की.” म्हणून मी दुपारची आडवी व्हायला लागले. पलंगावर दुसरी उशी होतीच, तिच्यावर तुला ठेवलं.

त्या दुपारी कशा होत्या, हे तुला कधीच कळणार नाही, कारण तू झोपलेली असायचीस. माझ्या खोलीत पडद्यातून पिवळा उजेड आलेला, खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी गाडी मागे घ्यायला सांगतंय, आणि उशीवर तुझी रात्र. तुझ्या खिडकीबाहेरच्या दिव्याचा निळसर चौकोन माझ्या उशीच्या अभ्र्यावर पडायचा. एकाच पलंगावर दुपार आणि रात्र. तुझा श्वास इकडे यायला किंचित उशीर व्हायचा. आधी तुझा खांदा वर उचललेला दिसे, मग आवाज येई. ऐकता ऐकता माझे डोळे जड व्हायचे, आणि मिटले की बोर्ड दिसायचा, आमचा जुना बोर्ड, पण भिंत संपली तरी न संपणारा. त्याच्यावर एकेक दिवा लागायचा, काजव्यासारखा. मी वायर खोचायची, ऐकायची, आणि पलीकडे कुणीच बोलत नसायचं, नुसतं झोपलेलं असायचं. एकेक घर, एकेक शहर झोपलेलं, आणि मी सगळ्यांच्या लाईनी धरून बसलेली. स्वप्नातसुद्धा मला वाटायचं, बरं झालं, आज कुणी भांडत नाही.

बोर्डिंगमध्येही तू अशीच होतीस. फ्रॉकचा निळा पट्टा सोडून एक टोक तुझ्या मनगटाला बांधायचीस आणि दुसरं माझ्या. तू ओढलंस की मी ओढायचं. सिस्टरने एकदा पाहिलं आणि विचारलं, हा काय प्रकार आहे, तर तू शुद्ध इंग्रजीत म्हणालीस की माझी बहीण झोपेत चालते, म्हणून बांधलंय. मग महिनाभर माझी खाट तुझ्यापासून दूर, सिस्टरच्या दाराजवळ. अशी तू!

असो. तर अशी छान गुंगी आलेली असताना तो लॅपटॉप मरायचा. ना आवाज, ना सूचना. आधीच्या क्षणी तुझा चेहरा, पुढच्या क्षणी काळी काच आणि तिच्यात माझंच तोंड. आधीच काही देखणं नाही, त्यात झोपेतून उठलेलं. बटण दाबावं तर तो उठायलाच तयार नाही. बऱ्याच वेळाने उठला तरी तुझ्याकडची लाईन गेलेली. पुन्हा लावला तर तिकडे घंटा वाजणार आणि मोठ्या मुश्किलीने झोपलेली तू टक्क जागी होणार. मग मी नाही लावायची. तुला सकाळी जाग आली की समोर अंधार. तू काय समजलीस ते आता कळलं. मी काय समजत होते तेही सांगते: आज तरी ठकूची झोप पूर्ण झाली.

दुरुस्तीचे काय काय प्रकार केले ते ऐकशील तर हसशील. तुझ्या चिरंजिवांना फोन केला. “मावशी, अपडेट केलंस का?” केलं. “मग बॅटरी गेली असेल.” नवी बॅटरी घातली. “मग चार्जर असेल.” तोही बदलला. त्यानंतर तो म्हणाला, “मावशी, वय झालं गं त्याचं,” आणि मी फोन ठेवला. समोरच्या फ्लॅटमधले प्राध्यापक आले, त्यांनी प्लग काढून दुसऱ्या भिंतीत लावला आणि तर्कशास्त्रावर बोलत चहा प्यायले. शेवटी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानवाली सदानकदा कानाला मोबाईल लावलेली, तोंडात च्युइंगगम. तिने तो दिवसभर काउंटरवर चालू ठेवला, आणि माझा लॅपटॉप शाळेतल्या शहाण्या मुलीसारखा एकदाही बंद पडला नाही. “आजी, काही नाही झालंय ह्याला.” मी म्हटलं, आजी कुणाला म्हणतेस? घरी आणला, तुझ्यासाठी उशीवर ठेवला, तुझा डोळा लागला, आणि गेला. पुन्हा दुकानात. या वेळी तिने पंखा उघडून धूळ झटकली, आणि म्हणाली की खूप तापला की हा स्वतःला जळण्यापासून वाचवायला बंद होतो. पण तापतो कशाने, ते तिला सांगता येईना, आणि मला विचारायचं सुचेना.

मग तुझा निरोप आला, आणि माझं डोकं असं तापलं की त्याच्यापुढे लॅपटॉप काहीच नाही. पण रागात मला नीट सुचतं, तुला माहीत आहे. एक्स्चेंजमध्ये लाईन तुटू लागली की आम्ही काय बिघडलंय हे आधी शोधत नसू. तुटते तेव्हा काय चालू असतं, ते आधी. म्हणून मी बसून आठवलं. काउंटरवर चालतो. जेवणाच्या टेबलावर कधीच बंद पडला नव्हता. उशीवर बंद पडतो. त्यातही तू जागी असताना नाही, तू झोपल्यावर. आता तुझ्या झोपेचं त्या यंत्राला काय कळतंय? मग मी तो पुन्हा उशीवर ठेवला, तू नव्हतीस तरी, आणि रोज तू झोपल्यावर मी जे जे करायची ते सगळं केलं. खाली हात घातला तर इस्त्रीसारखा तापलेला. आणि थोड्या वेळाने गेलाच.

मी काय करायची, ते मी दुकानवालीला सांगितलं नाही, तुझ्या मुलाला नाही, प्राध्यापकांना तर मुळीच नाही. तुला सांगते, आणि तू हसलीस तर हस. तुझ्याकडे थंडी. झोपेत तुझं पांघरूण खांद्यावरून सरकायचं, रोज, त्याच खांद्यावरून. मला दिसायचं, आणि ओढता यायचं नाही. बोलावं तर तू जागी होणार. कितीतरी वेळ मी तुझ्या उघड्या खांद्याकडे बघत पडून राहायची. मग एके दिवशी माझी लोकरीची शाल घेतली आणि लॅपटॉपवर पांघरली. कडेने नीट खोचली, फक्त तुझा चेहरा दिसेल एवढी काच उघडी ठेवली. उशी खालून, शाल वरून. त्या बिचाऱ्याला श्वास घ्यायला जागा कुठली! पण मला तेव्हा बरं वाटलं, ठकू, इतकं की मी रोज खोचू लागले. मी तुला झाकत होते आणि तू अंधारात जात होतीस.

आता लॅपटॉप उशीवर भाजी चिरायच्या फळीवर असतो. फळीला पाय आहेत, खालून वारा जातो. तीन दुपारी तो नुसताच चालू ठेवून बघितला, बंद पडला नाही. आणि तू फोन उचलत नाहीस. तुझा मुलगा म्हणतो, “आई आता गोळी घेते, मावशी, मस्त झोपते.” पुढे सहज बोलून गेला, हॉलमधल्या खुर्चीत, दिवा लावून. ही मस्त झोप! मी त्याच्याकडेच निरोप देणार होते, पण तो सांगेल, ‘लॅपटॉप गरम होत होता,’ आणि तू म्हणशील, “हो का.”

म्हणून हे पत्र. माझं नाव साफ करायला बसले होते, आणि इथवर येईस्तोवर लक्षात आलं की माझं नाव गेलं खड्ड्यात. मी एकटी राहणारी बाई, आयुष्यभर घरात दुसरा श्वास नाही आणि त्याची उणीव नाही, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगत आले, आणि ते खरंही होतं, तू उशीवर येईपर्यंत. तू समजतेस की ताईकडे तू काहीतरी मागत होतीस आणि ताई देत होती. हे पत्र पोचेल त्या रात्री खुर्चीतून ऊठ, आतल्या खोलीत जा, आणि मला लाव. तुझ्यावर उपकार करायला म्हणून नाही सांगत. आडवी होते, डोळे मिटते, आणि बोर्डवर एकही दिवा लागत नाही. मला झोप येत नाही गं, ठकू.

तुझीच,
ताई