उजव्या बाजूची जागा

तेर,
गुरुवार, २३ जानेवारी

आरजू,

सलाम घे, नमस्कार घे, आणि पत्र बघून हसू नकोस. फोनच करणार होते. पण फोनवर तू मधीच "हां हां, कळलं" म्हणतेस आणि मला सांगायचं ते राहूनच जातं. आसिफ सोमवारी सोलापूरला येणार आहे, त्याच्या हाती दिलं असतं तर तुझ्या भावानं एसटीतच फोडून वाचलं असतं. म्हणून टपालानं पाठवतेय. एकटी असताना वाच.

इकडं सगळं ठीक. विरेशचं दुकान चालू आहे. थंडीनं सासूबाईंचे गुडघे धरलेत, त्यामुळं मला दिवसभर हाका. रानात हुरडा अजून आहे, पण रविवारी तुम्ही येऊन गेल्यापासून मला तो गोड लागत नाही. मी चिडलेय हे तुला एव्हाना कळलंच असेल, तर ते आधी बोलून टाकते.

रविवारी तू एसटीतनं उतरलीस आणि तुझ्या मागनं ती उतरली. पिस्ता रंगाचा दुपट्टा, डोळ्यांवर गॉगल. तू म्हणालीस, ही युसरा, सोलापूरची, आपलं गाव बघायचंय म्हणाली. बस, एवढंच. कोण, कधीपासूनची ओळख, काही नाही. मी तुझ्यासाठी पहाटे उठून शेंगापोळ्या केल्या होत्या. त्यातली पहिली, तुपाची, तू उचलून तिच्या ताटात वाढलीस. तिथंच माझ्या पोटात दुखायला लागलं.

आठवडाभर तू तिकडं शाळेत शिकवतेस, मी इथं तूरडाळ मोजते. रविवार तेवढा आपला असतो. तो पण तू वाटून टाकलास, आणि मला विचारलं पण नाहीस.

मग गाव दाखवायला निघालो. गाव माझं पण आहे बरं का, पण दाखवत होतीस तूच. विटांच्या जुन्या देवळापाशी तू तिला सांगितलंस की इथली वीट पाण्यावर तरंगते, आणि म्हणालीस, "लहानपणी मी तुकडा हौदात टाकून बघितला होता." मी! अगं, तो तुकडा ढिगाऱ्यातनं शोधला कुणी? परकर भिजवून हौदात वाकलं कोण? तू काठाशी उभी राहून कुणी येतंय का बघत होतीस. मी तिथंच उभी होते आणि तुझ्या गोष्टीत कुठंच नव्हते. तरी हसले. लई हसले.

संग्रहालयात ती शंखाच्या बांगड्यांपुढं उभी राहिली ती हलेचना. या कुणी घातल्या असतील, काठावर झिजल्यात का बघ, असं तुला विचारत होती. मला इतकी वर्षं असलं काही सुचलं नाही. सगळ्यात वाईट काय सांगू? बाई चांगली होती. नखरेल असती तर माझं काम सोपं झालं असतं. हुरडा भाजताना आमच्या रानात ती धुरात बसली, हात काळे केले, सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल कोणतं लावता ते पण विचारलं. सासूबाई अजून तिचं नाव काढतात.

आता जुन्या गावाच्या पांढरीच्या टेकाडावरचं सांगते. हे तुला माहीत नाही.

तुझा फोन वाजला आणि तू बोलत बोलत खाली बाभळीपाशी गेलीस. वर आम्ही दोघीच. खाली तेरणा, पलीकडं ज्वारी, ऊन उतरायला लागलेलं. ती पांढऱ्या मातीत बोटं घालून मणी शोधत होती, तुझ्यामाझ्यासारखी. मग हळूच म्हणाली की आरजू माझ्यावर नाराज आहे का हो? सकाळपासून मी काही बोलते आणि ती कधीकधी उत्तरच देत नाही, तुमच्याशी मात्र बरोबर बोलते.

आरजू, तिनं नेमकं तेच विचारलं. तुमच्याशी बरोबर बोलते. सकाळपासून मला जे ऐकायचं होतं ते तिच्याच तोंडून आलं आणि मला इतकं बरं वाटलं की माझी जीभ थांबलीच नाही.

मी म्हणाले, "नाराज नाही. तुम्ही तिच्या डाव्या बाजूनं चालताय. चौथीत गालफुगी झाली तेव्हापासून तिचा तो कान गेलाय. मी नेहमी उजवीकडनं चालते. एवढं जवळच्या माणसाला कळतं."

शेवटचं वाक्य मुद्दाम म्हणाले. आधीचं सगळं कळवळ्यानं आलं असं तुला सांगू शकले असते, पण खोटं कशाला? तुझ्या कानाचं तुमच्या घरात तिघांना आणि मला, एवढ्यांनाच ठाऊक. वर्गात तुझ्या उजवीकडं बसायला मिळावं म्हणून मी बाईंशी भांडलेय. ती जागा माझी होती, ती तिला दाखवायची होती. बाकी काही नाही.

तिनं हातातला मणी मातीत परत ठेवला. मला वाटलं, जिंकले.

तू वर आलीस आणि आपण उतरायला लागलो. तेव्हा युसरा तुझ्या मागनं वळसा घेऊन तुझ्या उजव्या बाजूला आली आणि चालायला लागली. पायवाट अरुंद, मग मी डावीकडं. मी तुला म्हटलं, आरजू, दगड आहे बघ. तू ऐकलं नाहीस. परत म्हटलं, पुढच्या रविवारी येशील ना? तू तिच्याकडं बघून कशालातरी हसत होतीस. खालच्या रस्त्याला लागेपर्यंत मी तुझ्याशी बोलत होते आणि तुला त्यातलं एक अक्षर पोचलं नाही. स्टँडवर तू मला विचारलंस, रंजी, आज गप्प का गं?

घरी येऊन मी भांडी आपटली. विरेश बिचारा न जेवताच दुकानात जाऊन बसला.

मंगळवारी तुझ्या अम्मी, आमच्या खैरुनचाची, खोबरं न्यायला आल्या. दुकानात कुणी नाही बघून माझा हात धरला आणि सांगितलं की तुला रिश्ता आलाय, मुलगा तौफिक, आणि ती युसरा म्हणजे त्याची मोठी बहीण. घर, गाव, माणसं बघायला आली होती. पक्कं होईस्तोवर कुणालाच सांगायचं नाही असं मीच आरजूला बजावलं होतं, म्हणाल्या. आणि मग हळूच म्हणाल्या, "कानाचं तेवढं आत्ता कळू द्यायचं नाही गं बाई. निकाह होऊ दे, मग बघू."

माझ्या हातातलं माप खाली पडलं. चाचींना वाटलं, आनंदानं. मी त्यांना काही सांगितलं नाही. तिकडनं अजून निरोप नाही. चाची मोबाईल पदराखाली घेऊन बसतात, वाजला की दचकतात. मी त्यांच्या दारावरनं जायचं टाळतेय.

तू मला का नाही सांगितलंस? चाचींनी बजावलं, बरं. पण मी त्या "कुणालाच"मधली कधीपासून झाले? नुसतं म्हणाली असतीस की रंजी, ही नणंद होईल, तर मी तिला डोक्यावर घेऊन गाव दाखवलं असतं. असं मी मंगळवारपासून स्वतःला सांगतेय. खरं तर तेव्हा अजूनच जळले असते.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी कालपासून पेन उचलतेय आणि ठेवतेय. चाची बोलल्या तेव्हा मला भीती वाटली, पण ती मागनं. आधी मनात आलं की आता हे मोडेल, आणि आरजू रविवारी येत राहील. लई गोड वाटलं ते. चाची समोर उभ्या होत्या, माझा हात त्यांच्या हातात होता, आणि मी तुझं लग्न मोडायची वाट बघत होते.

म्हणून लिहिते. युसराला माहीत झालंय, आता लपवण्यात काही राहिलं नाही. पत्र मिळालं की तिला तूच फोन कर आणि तूच सांग. कुणीतरी सांगितलं यापेक्षा तुझ्या तोंडून गेलेलं बरं. चाचींना मी सांगते, त्या मारतील तर मारू दे. आणि एक म्हणजे, ऐकून सुद्धा ती बाई तुझ्यापासून लांब गेली नाही, जवळच आली. मला ते बघवलं नाही, पण मी ते बघितलंय. तुला हे दुसरं कोण सांगणार? तिथं तिसरी मीच होते.

मोडलं तर मला तोंड दाखवू नकोस म्हण, मी ऐकीन. जमलं तर मी लग्नाला येईन, पुढं उभी राहीन, जेवणं वाढीन, आणि तुला तिच्या हाती देताना रडेन. चाची सगळ्यांना सांगतील, पोरीचा जीव आहे हो मैत्रिणीवर. तू तेवढं माझ्याकडं बघू नकोस. तुला कळेल मी कशाला रडतेय.

तू म्हण किंवा नको म्हणू, तुझीच,
रंजी