आखूड मॅगझिन, लांब काडतूस

१८ जुलै ९९, रविवार
शिरूरहून सकाळच्या एसटीनं दौंडला, रायफल क्लबात. हात गेल्यापासून पहिल्यांदाच. कंपनीच्या पत्रा दाबायच्या प्रेसमधी उजव्या हाताचा आंगठा आन् शेजारचं बोट गेलं, तवापासून तिकडं फिरकलो नव्हतो. मधल्या बोटानं ट्रिगर ओढायची सवय घरी केलीय, रिकाम्या रायफलीवर. बोल्ट, म्हंजी गोळी आत ढकलायचा दांडा, तळहातानं मागंपुढं होतो. नेम हाय तसाच हाय. अडतं एकाच जागी. काडतूस चिमटीत धरायचं, आन् चिमूटच न्हाई.
एका मिनिटात पाच गोळ्या, हा क्लबाचा जुना नियम. माझ्या दोन झाल्या. तिसरं काडतूस चटईवरनं घरंगळत गेलं.
सेक्रेटरी मागं उभे. म्हणाले, ठोंबरे, आता पोरांना शिकवा, स्वतः कशाला तरास करून घेता.
मी विचारलं, मॅच कवा हाय.
नोव्हेंबरात.
माझं नाव घाला म्हणालो. हसले. घातलं का न्हाई, बघितलं न्हाई.

१९ जुलै
गेटवर ड्युटी. (बोटं गेल्यावर कंपनीनं फिटरचा गेटकीपर केला. येणाऱ्या गाड्यांना सलाम ठोकायचा, तो बी तीन बोटांनी.)
डोक्यात दिवसभर मॅगझिन, रायफलीच्या पोटातली काडतुसांची डबी. माझी रायफल सेकंडहँड, पॉइंट टू टू. नळीवर शिक्का लांब काडतुसाचा, पण आधीच्या मालकानं कुठलं तरी दुसरंच मॅगझिन बसवलेलं, आखूड काडतुसाचं. तसली काडतुसं आता दुकानात बघायलाबी मिळत न्हाईत. लांब त्यात मावत न्हाई. म्हणून इतकी वर्षं ते मॅगझिन नुसतं नावाला, एकेक गोळी हातानं भरत आलो. कधी काय वाटलं न्हाई. हात होता.
डबी आधीच डाव्या हातानं भरून ठेवली आन् पाची गोळ्या त्यातनं आपसूक वर आल्या तर मला चिमूट लागतेच कशाला?

२४ जुलै
रूथबाई साळवेंकडं गेलो. चर्चच्या मागच्या आळीत त्यांचं बंदूक-दुरुस्तीचं दुकान, वडलांच्या माघारी लायसन त्यांच्या नावावर झालेलं. आधी माझं लायसन मागितलं, दोन्ही बाजूंनी वाचलं. मग रायफल उघडून आत माप लावलं. म्हणाल्या, रायफलीच्या पोटात जागा भरपूर हाय, डबीच आखूड हाय. मुंबईला विचारून बघते, असली नवी डबी मिळाली तर कापाकापी नको.
हाताकडं एकदाच बघितलं. काय विचारलं न्हाई. बरं वाटलं.

३१ जुलै
मुंबईत मिळत न्हाई. रूथबाई म्हणाल्या, मग हाय तीच कापून लांब करावी लागंल. पण मी हो म्हणेपर्यंत खरी गोळी त्यात घालायची न्हाई.
कबूल.
लाकडाचा एक ठोकळा कोरून ठेवला त्यांनी, रायफलीच्या पोटाएवढा. मी म्हणालो, रायफल तर हाय की समोर, ठोकळा कशाला. असू द्या म्हणाल्या.

५ ऑगस्ट
निवडणूक. ठाण्यातनं निरोप, लायसनची हत्यारं जमा करा. केली. मॅगझिन दुरुस्तीला हाय म्हणालो, हवालदारानं तसं पावतीवर लिहून दिलं. आता कळलं ठोकळा कशाला.
सुमन म्हणाली, हात गेला, आता हत्यार बी गेलं. मॅचला काय काठी घेऊन जाणार का.
बायको असं बोलली की समजायचं, ती आपल्या बाजूनं हाय.

२१ ऑगस्ट
पयली डबी फसली. रूथबाईंनी लेथवर पितळेची खोटी काडतुसं केलीत, दारू न्हाई काय न्हाई, नुसता आकार. डबीत भरून ठोकळ्यात बसवली. दोन वर आली, तिसऱ्यानं नाक खाली घातलं आन् अडकून बसलं. उपसताना पत्र्यानं बोट कापलं, राहिलेल्यातलं. हसू आलं. त्यांना न्हाई आलं.

१८ सप्टें.
जोड दिलेली डबी परत उसवली. रूथबाई म्हणाल्या, जुन्या पत्र्यात आता जीव न्हाई, पुन्हा कापली तर हातात येईल. थांबायचं का?
थांबायचं असतं तर जुलैतच थांबलो असतो, म्हणालो.
मग सगळीच नव्यानं करू म्हणाल्या. पत्रा नवा, स्प्रिंग नवी. जुन्याचं फक्त माप घेऊ.
परत येताना स्टँडवर सेक्रे. भेटले. मतदान झालं तरी प्रचाराच्या जीपमधीच होते. काय ठोंबरे, सोडलं की न्हाई? न्हाई म्हणालो. जीप गेली. धुरळा माझ्या वाट्याला.

२३ ऑक्टो.
रायफल परत मिळाली. ठाण्यातनं सरळ रूथबाईंकडं. नवी डबी बसली, खट् आवाज करून. पाच पितळी काडतुसं, तळहातानं बोल्ट मागं, पुढं, मागं, पुढं. पाची आली. परत भरली. परत पाची.
त्या म्हणाल्या, अजून हो म्हणलं न्हाई मी.

३१ ऑक्टो., रविवार
रूथबाई स्वतः दौंडला आल्या. रेंजवर, म्हंजी क्लबाच्या गोळीबाराच्या मैदानावर, आप्पांना आधी सगळं दाखवलं. आप्पा म्हंजी आमचे रेंज ऑफिसर, राखीव पोलिसातनं रिटायर, बोलणं कमी. त्यांनी डबी उलटीपालटी केली, रायफल रिकामी करून बघितली, मान हलवली.
पयल्या भरण्यात चौथी अडली. रूथबाईंनी डबीचा ओठ, वरची कड, जराशी वाकवली. दुसऱ्या वेळी पाची. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वेळी बी. मग म्हणाल्या, हो.
मी चटईवर पालथाच पडून राहिलो थोडा वेळ. उठलो असतो तर डोळे दिसले असते.

१४ नोव्हें.
सेक्रे.नी डबी बघितली. म्हणाले, बदललेलं हत्यार मॅचला चालत न्हाई.
हत्यार तेच हाय, डबी नवी हाय. नियम दाखवा.
तसा नियम लिहिलेला न्हाई. मग म्हणाले, नसंल तर लिहू.
घरी येऊन जेवलो न्हाई. सुमन म्हणाली, घरात रुसून काय होणार, तिथं जाऊन भांडा.

२८ नोव्हें., रविवार. मॅच
यादीत नाव न्हाई. सुमन आन् रूथबाई दोघी बरोबर. मी टेबलापुढं उभा राहिलो, हललो न्हाई. माझ्या मागं लाइन लागली. सेक्रे. म्हणाले बाजूला व्हा. म्हणालो, नियम दाखवा, लगेच होतो.
शेवटी आप्पा आले. म्हणाले, “रेंजवर हुकूम माझा चालतो. हत्यार धोक्याचं असंल तर मीच घरी पाठवीन. न्हाई. मी तपासलंय. त्यांना शेवटच्या तुकडीत घ्या.”
सेक्रे. म्हणाले, गुण धरणार न्हाई.
चटईवर पालथा पडलो. शिट्टी झाली. एक. तळहात मागं, पुढं. दोन. वाऱ्याची झुळूक आली, थांबलो. तीन. चार. पाच. मिनिट संपल्याची शिट्टी व्हायच्या आत बोल्ट उघडून ठेवला.
चार टार्गेटच्या काळ्या गोलात, एक डावीकडं बाहेर. ती वाऱ्याची न्हाई, माझी. घाई केली.
आप्पांनी गुण पेन्सिलीनं मांडले. धरले तर तिसरा नंबर.

५ डिसें., रविवार
बक्षीस समारंभ ठरलाय. सेक्रे.नी एकाला पाठवलं. निरोप असा, की ठोंबऱ्यांचा स्टेजवर सत्कार करू, शाल-नारळ देऊ, जिद्दीबद्दल चार शब्द बोलू. गुणांचा विषय सोडा.
सांगून पाठवलं, “शाल तुमच्याकडंच ठेवा. थंडी वाजत न्हाई मला. नंबर द्या.”
कंपनीत फोरमन म्हणाला, घ्यायचा की सत्कार, लोक टाळ्या वाजवतात. वाजवतील. बोटं गेली म्हणून वाजवतील. मारलेल्या गोळ्यांबद्दल कोण वाजवतंय?

१२ डिसें., रविवार
कमिटीची मीटिंग. मला आत बोलवलं. सेक्रे. म्हणाले, आज तुम्हाला धरलं तर उद्या कोणीबी काहीबी बसवून आणंल. आप्पा म्हणाले, आणू द्या, मी तपासायला हाय. कमिटीतल्या एकानं मला विचारलं, हाताला आता कसं हाय? म्हणालो, हाताचं डॉक्टर बघतात, तुम्ही टार्गेट बघा.
मग ठरलं, पुढच्या मीटिंगला बघू.
बाहेर व्हरांड्यात निकालाचा फळा. पयला, दुसरा लिहिलाय, चौथा, पाचवा लिहिलाय. तिसऱ्यापुढं नाव न्हाई. चौथ्यावाला पोरगाच उभा होता तिथं. म्हणाला, मला वर सरकवत होते काका, मी नको म्हणलं.
त्याच्याबरोबर चहा घेतला. मग रेंजवर जाऊन चटई अंथरली आन् डबीत पाच भरल्या.