मुका पडाव

मांडवी, रत्नागिरी. कार्तिक वद्य पंचमी, संध्याकाळ.

जेवणावर वासना नाही. हसनमियांचं ते 'बरं' कानातून जात नाही.

उतारूंना आगबोटीपर्यंत नेणारा पडाव वल्हवताना खलाशी 'हैया हो' ओरडतात. त्या गलक्याचा उतारूंना त्रास होतो, म्हणून तो बंद, असा आगबोट कंपनीच्या एजंटसाहेबांचा हुकूम. सकाळी बंदरावर जाऊन पडावाचे तांडेल हसनमियांना तो कचेरीचा कारकून म्हणून मीच सांगितला. ते नुसतं 'बरं' म्हणाले.

पडाव मुकाट निघाला. आगबोटीच्या शिडीपाशी गणू खलाशाचं वल्हं मागे पडलं, पडाव आडवा झाला आणि दोहोंच्या मधे गणूचा हात चिरडला.

दुपारी इस्पितळाच्या पायरीवर हसनमिया बसले होते. म्हणाले, "एखाद्याचा आवाज बसला की कळतं हो भाऊ, गडी दमलाय. मग बाकीचे जोर लावतात. आज कसं कळायचं?"

"मग सकाळी बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलोच.

"कचेरीचा हुकूम. त्याला 'बरं'च म्हणायचं असतं."

असा संताप आला! एक वाक्य बोलले असते तर... पण मी तरी त्या 'बरं'पाशी क्षणभर थांबलो होतो का? पाठ फिरवून चालू लागलो होतो.

तडक कचेरीत गेलो. गणूचं ऐकून साहेब हळहळले. मग म्हणाले, "पण उतारू खूश आहेत. उद्याही असंच शांत राहू दे."

हसनमियांचं सगळं बोलणं ओठांवर आलं होतं.

मी म्हटलं, "बरं."