तीन नंबरचा होल्डर

ग्लासगो,
बुधवार, २ नोव्हेंबर १९८८

तीर्थस्वरूप जयंतराव यांसी,

श्रीकांतचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? थंडी सुरू झाली की तो कुरकुर करतो हे माझ्या लक्षात आहे. सौ. अनुराधावहिनींची तब्येत उत्तम असावी असं त्यांच्या आवाजावरून वाटतं. गेल्या बारा दिवसांत मी पाच वेळा फोन केला आणि पाचही वेळा त्यांनी अजिबात न अडखळता "ती बाथरूममध्ये आहे" असं सांगितलं. (तुमच्या भगिनी, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, इथे असताना दहा मिनिटांत आंघोळ उरकून बाहेर येत. तुमच्या वॉटफर्डचं पाणी जड आहे, साबणाला फेस येत नाही, असं ऐकून होतो. इतका वेळ लागत असेल याची कल्पना नव्हती.) माझ्या तब्येतीबद्दल विचाराल तर ती ठीकच म्हणायची, कारण ती ठीक नाही असं सांगायला घरात समोर कोणी नाही. साडेचारला अंधार पडतो. त्यानंतर मी आणि बॉयलर दोघेच जागे असतो, आणि त्यातला बॉयलर अधूनमधून बोलतो.

पत्र लिहिण्याचं कारण एवढंच की झालेल्या प्रकाराची एकच बाजू तुमच्या कानावर आली असणार. तुम्ही थोरले, शिवाय निवृत्त दंतवैद्य. दुसऱ्याच्या तोंडात बघून निर्णय देण्यात तुमचं आयुष्य गेलं. तेव्हा माझीही बाजू ऐका. मला कोणाबद्दल तक्रार करायची नाही. मी फक्त वस्तुस्थिती मांडतो, आणि ती मांडताना माझा आवाज चढला तर कागदावर तो ऐकू येत नाही हा पत्राचा फायदा.

तुम्हाला माझा रायफल क्लबचा नाद ठाऊक आहे. (सोलापूरच्या शाळामास्तरांच्या मुलाला बंदुकीशी काय करायचंय, हे तुम्ही तुमच्या राजीवच्या मुंजीत विचारलं होतं. उत्तर अजून सुचलेलं नाही. तीस वर्षं एक्स-रे खात्याच्या तळघरात काढल्यावर माणसाला कुठेतरी लांबवर बघावंसं वाटत असेल.) तर आम्ही काडतुसं विकतची न वापरता घरी भरतो. एकदा उडवलेली पितळेची पुंगळी फेकायची नाही, ती पुन्हा वापरायची. उडवल्यावर ती थोडी फुगते, म्हणून तिला आधी पूर्वीच्या मापात आणावं लागतं. त्यासाठी गॅरेजमधल्या बाकावर एक प्रेस बसवला आहे, चकलीच्या सोऱ्याचा थोरला भाऊ समजा. त्याच्या वरच्या अंगाला पोलादी डाय (साचा) असते, खालच्या अंगाला शेल होल्डर. होल्डर म्हणजे अंगठ्याएवढी, खाच पाडलेली चकती. ती पुंगळीची बुडाची कड धरून ठेवते. दांडा खाली ओढला की पुंगळी डायमध्ये शिरते, वर केला की बाहेर येते. येते म्हणजे होल्डर नेमका त्या पुंगळीचा असेल तर. तो थोडा जरी सैल असला तर वर जाताना काहीच कळत नाही. खाली येताना मात्र होल्डर एकटाच रिकाम्या हातानं परत येतो आणि पुंगळी वर डायमध्ये घट्ट बसून राहते. प्रत्येक होल्डरवर बारीक नंबर कोरलेला असतो, कारण दिसायला सगळे सारखेच. माझ्याकडे सात आहेत.

आता खंडेनवमीकडे येतो. आम्ही एकसष्ट साली या देशात आलो तेव्हापासून आपल्या भगिनींनी एकही वर्ष शस्त्रपूजा चुकवलेली नाही. पहिल्या वर्षी भाड्याच्या खोलीत माझा स्टेथोस्कोप आणि स्वतःची शिवणाची कात्री पुजली होती, घरमालकीण दारात उभी राहून बघत होती. आता पाटावर प्रेसचं सामान असतं. (रायफल नसते. ती कुलपाच्या कपाटात असते आणि पोलिसांच्या नियमांत पूजेसाठी बाहेर काढण्याची सोय नाही. म्हणून कपाटाच्या दारालाच कुंकू लावतात.) यंदाही त्यांनी सगळे डाय, सगळे होल्डर डब्यांतून काढून पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडू मिळत नाही म्हणून बागेतली शेवंती वाहिली, आणि संध्याकाळी पुसून जागच्या जागी ठेवलं. जागच्या जागी हा शब्द त्यांचा आहे. माझा वाद नेमका तिथे आहे.

दुसऱ्या दिवशी दसरा. चहाला मिस्टर गिलक्रिस्ट आले होते, आमच्या क्लबाचे सेक्रेटरी, बहात्तर वर्षांचे, बोलणं मोजकं. शनिवारी एडिनबराच्या क्लबाशी मॅच होती आणि सहा वर्षं खुर्च्या मांडल्यानंतर त्यांनी पहिल्यांदाच माझं नाव संघात घातलं होतं. श्रीखंड खाऊन झालं (त्यांनी ते लेमन पुडिंग समजून दोनदा घेतलं), आणि मी त्यांना गॅरेजमध्ये नेलं. तुमच्या भगिनी आमच्या मागून चहाचा ट्रे घेऊन आल्या. मी डाय लावली, तीन नंबरचा होल्डर लावला, पहिली पुंगळी ठेवली, दांडा ओढला. छान गेली. दांडा वर केला. कट् असा आवाज झाला, कडेचा टवका उडाला आणि पुंगळी वर अडकली. हातोडी, तेल, मिस्टर गिलक्रिस्टांची शीळ, कशानंही निघेना. मी होल्डर काढून पाहिला. खाचेत एक अक्षत होती. नंबराच्या खोबणीत हळद होती.

जयंतराव, इथे मी एक वाक्य बोललो. ते मराठीत बोललो असतो तर आज तुमच्या बहिणीला तुमच्याकडची न्हाणी एवढा वेळ अडवावी लागली नसती. पण मिस्टर गिलक्रिस्टांना कळावं म्हणून मी ते इंग्रजीत बोललो. "शी कान्ट टेल वन थिंग फ्रॉम अनदर." पाहुण्यादेखत. त्यांनी ट्रे बाकावर ठेवला आणि माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "मी एकोणतीस वर्षं लॅबमध्ये लोकांच्या थुंकीच्या बाटल्या सांभाळल्या. एक लेबल चुकलं नाही." मिस्टर गिलक्रिस्टांना मराठी येत नाही, पण त्यांनी टोपी शोधायला सुरुवात केली.

शुक्रवारी सकाळी त्या ग्लासगो सेंट्रलवरून गाडीनं तुमच्याकडे आल्या. त्यांना आणायला तुम्ही स्टेशनवर गेलात, आभारी आहे. शनिवारी आमचा संघ जिंकला. माझी काडतुसं तयार नव्हती, म्हणून माझ्या जागी मिस्टर गिलक्रिस्टांनी एका पोस्टमनला घेतलं होतं आणि त्यानं सगळ्यात जास्त गुण काढले. मी घरी बसून फ्रिज उघडला. आत नऊ डबे होते, प्रत्येकावर चिकटपट्टी, पदार्थाचं नाव, कुठल्या दिवशी संपवायचा ती तारीख. (यात टोमणा असावा असा मला संशय आहे. टोमणा चविष्ट होता हे नाकारत नाही.) परवा शेवटचा डबा संपला. डबा धुतला, पण चिकटपट्टी काढवली नाही.

असो. वस्तुस्थिती ही अशी आहे. निवाडा तुम्ही करायचा. सात होल्डर काढून पुन्हा ठेवताना एखादा इकडचा तिकडे झाला असं कबूल करण्यात कुणाचा अपमान होतो असं मला वाटत नाही. मी ते उदार मनानं ऐकून घेईन. माझी कोणाकडूनही काही अपेक्षा नाही. सौ. वहिनींना नमस्कार.

आपला,
श्रीकांत

ता. क. एक अगदी किरकोळ चौकशी. पुढच्या गुरुवारी पाडवा आहे. चांदीचं निरांजन कुठल्या कपाटात आहे ते सहज, माझं नाव न घेता, विचारून ठेवाल का? मला ओवाळायला इथे कोणी नाही हे मला माहीत आहे. नुसतं जागेवर आहे ना, एवढंच बघायचं होतं.

ता. क. २ (गुरुवार). पत्र टाकायचं राहिलं, कारण पोस्टाची तिकिटं कुठे असतात तेही मला माहीत नाही. आज मी अडकलेल्या पुंगळीसकट डाय आणि तो होल्डर घेऊन मिस्टर गिलक्रिस्टांकडे गेलो. त्यांनी दोन्ही दिव्याखाली धरलं, टूथपिकनं हळद काढली, आणि विचारलं, "डॉक्टर, डिड यू हॅव युअर ग्लासेस ऑन?" होल्डरवर नंबर तीनच होता. माझ्या डायच्या डब्यावरही तीनच लिहिलं आहे. पण डाय एका कंपनीची, होल्डर दुसऱ्या कंपनीचा, आणि एकीचा तीन नंबर तो दुसरीचा तीन नव्हे. दरेक कंपनीचं आपापलं मोजमाप. दुसरीचा होल्डर माझ्या पुंगळीला जरा सैल. अक्षतीचा काही संबंध नाही. ती पहिल्या फटक्यातच पिठी झाली असती, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, ही जोडी लावली कोणी? मी सप्टेंबरमध्ये क्लबाच्या जुन्या सामानाच्या टेबलावरून तो होल्डर घेतला होता, चष्मा न लावता, नंबर जुळला म्हणून खूश होऊन. माझा मूळचा होल्डर नवा आल्यावर मीच डब्याच्या तळाशी टाकला होता. नाचता येईना अंगण वाकडं हे मी लहानपणी फळ्यावर पन्नास वेळा लिहिलंय, वडिलांनीच शिक्षा दिली होती. वर वस्तुस्थिती म्हणून जे काही लिहिलं आहे ते कृपया खोडलेलं समजा. कागद मी फाडणार होतो, पण तुमच्याकडे पुरावा असलेला बरा.

ता. क. ३ (शुक्रवार सकाळ). मूळचा होल्डर शोधायला डबा रिकामा केला. तळाशी एक कागद होता. पूजेला सामान काढायच्या आधी तिनं प्रत्येक वस्तू कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली आहे, आत नंबर, शेजारी कुठला डबा, कुठला कप्पा. सगळं बरोबर. सात गोलांपैकी एकाच्या शेजारी तिच्या बारीक अक्षरात लिहिलंय: "३ नं., नवीन. याची कंपनी वेगळी आहे. याची जोडी दिसत नाही. ह्यांना विचारणे." आणि खाली, दुसऱ्या पेन्सिलनं: "विचारलं. हो म्हणाले."

मला आठवतं, जयंतराव. ती दाराशी उभी होती, हातात ती चकती होती. टीव्हीवर स्नूकर चाललं होतं. मी बघितलंही नाही, हो म्हणालो.

हे पत्र आत्ता फर्स्ट क्लासनं टाकतो (तिकिटं कुंकवाच्या कोयरीखाली सापडली), म्हणजे उद्या सकाळी मिळेल. मी उद्या दुपारी एकच्या सुमाराला वॉटफर्ड जंक्शनला उतरेन. स्टेशनवर येऊ नका, गुडघ्याला त्रास होईल. मी चालत येईन. सुहासला हे पत्र वाचायला दिलंत तर शेवटचे दोन्ही ता. क. आधी द्या. निवाडा तिला करू द्या. पाहुण्यादेखत बोललो होतो, तेव्हा तुम्ही दोघंही तिथे असलात तर बरं, मला चूक कबूलही पाहुण्यादेखतच करायची आहे, मराठीत आणि इंग्रजीत.

ती बाथरूममध्ये असेल तर वहिनींना म्हणावं, काही हरकत नाही. मी बाहेर पायरीवर थांबतो.