गंगुबाईच्या पोटमाळ्यावर

डिलाईल रोड, मुंबई
ता. ११ मे १९५८

चि. मालन हीस आजोबांचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, तिकडची खुशाली कळवणे.

तुझे पत्र पोचले. डॉक्टरीची पहिली परीक्षा पास झालीस हे वाचून आनंद झाला आणि पुढचीच ओळ वाचून घाबरलो. जूनपासून परळच्या इस्पितळात वॉर्डात काम, बाळंतिणीसाठी बोलावणे आले की पंधरा मिनिटांत हजर, आणि तुझ्या गिरगावच्या वसतिगृहाचे दार तर संध्याकाळी साडेसातला बंद. मुले काय वेळ बघून जन्माला येतात? त्यात तुझे बाबा म्हणतात की परळजवळ जागा मिळाली नाही तर एक वर्ष घरी बस. घरी बसलेल्या मुलीचे वर्षभरात काय होते ते मला माहीत आहे. तुझ्या आईचे लग्न मीच जमवले होते.

म्हणून आठवडाभर फिरतो आहे. शिवाजी पार्कला एक पेन्शनर हेडक्लार्क आहेत, त्यांची एक खोली रिकामी आहे. मुलगी डॉक्टर होणार म्हटल्यावर त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि मग खिशातून स्वतःच्या दुखण्यांची यादी काढली. चौदा दुखणी होती. खोलीत राहणाऱ्या मुलीने रोज सकाळी पहिल्यापासून चौदाव्यापर्यंत विचारपूस करावी असे त्यांचे म्हणणे. मी पाणी पिऊन निघालो. शिवडीला गोदामाच्या मागे एक खोली पाहिली. तिथे मी उभा असताना एक उंदीर माझ्याकडे असा बघत राहिला की मीच माफी मागून बाहेर आलो.

आपल्या गावकऱ्यांच्या खोलीत तुला ठेवता येत नाही, हे तू जाणतेस. आम्ही वीस पुरुष, अर्धे दिवसपाळीचे, अर्धे रातपाळीचे, एक उठला की त्याच वळकटीवर दुसरा आडवा होतो. पण समोरच गंगुबाईची खानावळ आहे. ती आम्हा विसांना जेवू घालते, विधवा आहे, एकटी आहे आणि तिच्या तोंडाला मिलचा मॅनेजरसुद्धा घाबरेल. तिच्या पोटमाळ्यावर तांदळाची पोती आहेत, ती सरकवली तर दोन माणसांपुरती जागा होते आणि एक लहान खिडकीही आहे. मी तीन दिवस विचारू की नको करत होतो. चौथ्या दिवशी तिनेच विचारले की भात का टाकता. तेव्हा सांगून टाकले. ती म्हणाली की मुलगी सोवळेओवळे पाळणारी असेल, मढ्याबिढ्याला शिवून घरात येणार नसेल, तर येऊ दे. मी हो म्हणालो. तू मढ्याला शिवत नाहीस ना? उलट टपाली कळव.

छत्री आण. माया करतेसच, ती तशीच राहू दे.
तुझा आजोबा, गणपत

मु. मुणगे, ता. देवगड
ता. १९ मे १९५८

ती. आजोबांस मालनचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही जागा मिळवलीत हे वाचून आईने देवीपुढे नारळ फोडला आणि बाबा गप्प झाले. दोन्ही गोष्टी आमच्या घरी क्वचितच घडतात. उंदराची माफी मागितलीत त्याबद्दल त्याच्या वतीने आभार.

आता मढ्याचे. आजोबा, शिवल्याखेरीज पहिली परीक्षा कशी पास होणार? पण ते शिक्षण संपले, यापुढे जिवंत माणसे. तेव्हा गंगुमावशींना जे हो म्हणालात ते पुढच्या काळापुरते खरेच आहे. जुने उकरू नका.

पावसाळ्यासाठी बोटी आता बंद होतील, म्हणून माझी पत्र्याची ट्रंक लवूकाकांबरोबर उद्याच्या बोटीने पुढे पाठवते आहे. मी मागून एसटीने येईन. वसतिगृहाने सुटीत खोल्या रिकाम्या करायला लावल्या, त्यामुळे माझे कॉलेजचे सगळे सामान त्या ट्रंकेत आहे. आईने वर फणसपोळी आणि कुळथाचे पीठ कोंबले आहे. कृपा करून ट्रंक कोणालाही उघडू देऊ नका, तुम्हीही उघडू नका. सरळ पोटमाळ्यावर चढवा. कारण भेटीत सांगेन.

भात टाकू नका. तुमच्या मायेत कमी पडू देऊ नका.
तुमची नात, मालन

डिलाईल रोड, मुंबई
ता. २७ मे १९५८

चि. मालन हीस आशीर्वाद. घाईत लिहितो आहे, अक्षर लावून घे.

तुझे पत्र काल आले. ट्रंक चार दिवस आधी आली. आपल्या खोलीचा रिवाज तुला माहीत नाही काय? गावाहून जी ट्रंक येते ती खोलीत पाऊल टाकताच उघडायची आणि आतला वानोळा विसांत सारखा वाटायचा. चाळीस वर्षे असेच चालले आहे. लवू दारातूनच ओरडला की फणसपोळीचा वास येतोय. किल्ली तुझ्या आईने त्याच्याकडे दिली होतीच. फणसपोळी दोन मिनिटांत संपली. गंगुबाई पीठ न्यायला आली होती, तिनेही एक तुकडा खाल्ला, हे लक्षात ठेव.

मग दगडूने खाली हात घातला. दगडू म्हणजे आपल्या मंडळाचा चिटणीस, संयुक्त महाराष्ट्राच्या सगळ्या मोर्च्यांत पुढे असतो, त्यामुळे खोलीतही प्रत्येक कामात पुढे. जुन्या लुगड्यात गुंडाळलेले गोल काहीतरी त्याच्या हाती लागले. नारळ आहे म्हणाला. पाणी आहे का बघायला कानाशी धरून हलवले. आत काहीतरी खुळखुळले, तेव्हा म्हणाला की सुका गोटा आहे, मालवणी आमटीला बरा. आणि गंगुबाईच्याच हातात दिला. तिने लुगडे सोडले.

पोरी, तिच्या ओरडण्याने रातपाळीचे सगळे जागे झाले. नळावर दहा-बारा माणसे एकदम आंघोळीला उभी राहिली, चाळीतल्या लोकांना वाटले कोणी पुढारी वारला. मग मंडळाची सभा भरली. ती कवटी आणि ट्रंकेतली बाकीची हाडे टाकावीत तर माणसाची, ठेवावीत तर कोणाची ते माहीत नाही. सुतक धरावे असे काहींचे मत होते, पण सुतकात खानावळ बंद राहील म्हटल्यावर ते मत मागे घेण्यात आले. दगडूने विचारले की हा गृहस्थ आपला मराठी होता का, कारण तसे असेल तर ठराव वेगळा लिहावा लागेल. शेवटी लवू म्हणाला की तो आपल्या गावच्या बोटीतून आला, गावच्या ट्रंकेतून आला, तेव्हा तो गावकरीच. हे सर्वांना पटले. आता कोपऱ्यात माझ्या वळकटीशेजारी ट्रंकेसकट त्याची जागा केली आहे. मला झोप नाही. काल त्याला जरा सरका म्हणालो.

गंगुबाईने मात्र मला दारात उभे करून सांगितले, "ती पोर माझ्या घरात पाय टाकणार नाय." दुसरी जागा कुठे शोधू? वीस जूनला तुझे काम सुरू. बाबांना अजून सांगितलेले नाही. तू इथे नाहीस म्हणून सगळे मलाच विचारतात की हाडांवर ठेवलेली फणसपोळी पोटात गेली तर काय होते. तेही कळव.

काळजीत असलेला,
गणपत

मु. मुणगे
ता. २ जून १९५८

ती. आजोबांस सा. नमस्कार.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले, आणि आईने कारण विचारले तेव्हा डोळ्यांत मिरची गेली असे सांगितले. चूक माझी. रिवाज विसरले. ती हाडे आम्हाला अभ्यासासाठी मिळतात, मी ती मागच्या वर्गातल्या मुलीला देणार होते. फणसपोळीने काहीही होत नाही. मी त्याच ट्रंकेतले लाडू वर्षभर खाल्ले आहेत, पण हे दगडूकाकांना सांगू नका.

एक गोष्ट मात्र गंगुमावशींना वाचून दाखवा. तुम्ही सगळे गृहस्थ, गृहस्थ म्हणता. तो गृहस्थ नाही. कमरेच्या हाडाची ठेवण पाहिली की आम्हाला कळते, बाईचे हाड रुंद असते, मूल बाहेर यायला वाट लागते म्हणून. ही बाई होती. कोण होती, कुठली होती, कोणालाच माहीत नाही. तिच्यावर मी वर्षभर शिकले. बाळंतिणीला हात कसा लावायचा ते मला आता शिकवतील, पण बाळ कुठल्या वाटेने येते ते मला पहिल्यांदा तिने दाखवले. तिला मी कधी मढे समजले नाही. मावशींना राग आला असेल तर त्यांचा हक्क आहे. मी दुसरीकडे बघेन, नाहीच जमले तर वर्षभर घरी राहीन.

लोभ आटू देऊ नका.
मालन

डिलाईल रोड, मुंबई
ता. ९ जून १९५८

चि. मालन हीस अनेक उत्तम आशीर्वाद. हे पत्र मिळताच एसटीचे तिकीट काढ.

तुझे पत्र घेऊन दुपारी खानावळीत गेलो. गंगुबाई भाकऱ्या थापत होती, माझ्याकडे पाठ होती. मी वाचत गेलो. बाई होती इथपर्यंत आलो तेव्हा तिचा हात थांबला. पुढचे वाचेपर्यंत तव्यावरची भाकरी करपली, तिच्या खानावळीत हे मी प्रथमच पाहिले. मला वाटले आता ती भाकरी माझ्या अंगावर येते. ती उठली, पिठाच्या हातानेच रस्ता ओलांडून आपल्या गावकऱ्यांच्या खोलीशी आली. दिवसपाळीचे कामावर, रातपाळीचे दहा जण बनियनवर पसरलेले. दारात उभी राहून म्हणाली, "बाईमाणसाक वीस पुरुषांत ठेवलात? लाजलज्जा काय ती हा की नाय?"

दगडूने फक्त सदरा घातला. तिने ट्रंकेला हात घातला, मी मदतीला वाकलो तर मला दूर राहायला सांगितले. एकटीने ट्रंक रस्त्यापलीकडे नेली. संध्याकाळी जेवायला गेलो तेव्हा पोटमाळ्यावरची पोती सरकवून झाली होती. लुगड्याच्या जागी तिने स्वतःचे एक धुतलेले पातळ गुंडाळले आहे. जेवण वाढताना मलाच म्हणाली की तुमच्या नातीला लवकर बोलवा, त्या बाईला वर एकटीला सोबत नाही. आणि ती बाई कोणाला द्यायची नाही, जिला शिकायचे असेल त्या मुलीने माळ्यावर येऊन शिकावे, येताना पाय धुऊन. मी हो म्हणालो. हो म्हणताना मला हल्ली भीती वाटते, पण म्हणालो.

तेव्हा तुझी जागा पक्की झाली. बाबांना सांग. फक्त एक वाईट बातमी आहे. खिडकीजवळची जागा तुला मिळणार नाही. गंगुबाई म्हणते की खोलीचा नियम आहे, जो आधीच्या बोटीने आला त्याची जागा चांगली. मी तुझ्या बाजूने पुष्कळ बोललो, पण ऐकेना. तुला तांदळाच्या पोत्यांकडे पाय करून झोपावे लागेल.

येताना छत्री विसरू नको, आणि फणसपोळी दोन आण. एक माळ्यावरच्या बाईच्या नावाने वेगळी ठेवायची आहे, असे समोरून आत्ताच सांगणे आले.

सगळ्यांवर जशी आहे तशी माया ठेव.
तुझा आजोबा, गणपत